साखर, डोळ्याचा पडदा आणि आपण

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि सोबत एक ताकीद दिली आहे : "पेशंटशी बोलतेस तसं बोल, डॉक्टरांच्या परिषदेत बोलतात तसं नको." ताकीद रास्त आहे. मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप गटावर विषय सुचवा म्हटलं होतं. गुडघे, हृदय, निवृत्तीनंतरचे पैसे, असे बरेच विषय आले. पण 'शुगर आणि डोळे' हा विषय पुन्हा पुन्हा आला. त्याचं कारण उघड आहे. दहावी होऊन आपल्याला चाळीस वर्षं झाली. आपण सगळे पंचावन्न-छप्पन्नचे. गटावर 'सुप्रभात'च्या खालोखाल कशाची देवाणघेवाण होत असेल, तर ती रक्ताच्या रिपोर्टांची.

आधी एक आकडा सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा त्या पाहणीचा अंदाज आहे. प्रौढांमध्ये प्रमाण ११.४ टक्के. आपल्या शेजारच्या गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे दर चार माणसांमागे एकाहून जास्त. हे वीस वर्षांपासून पुढच्या सगळ्या वयाच्या लोकांचं प्रमाण आहे. आपल्या वयाला ते याहून वर जातं. तेव्हा या सभागृहात कोणाकोणाला मधुमेह आहे त्यांनी हात वर करा, असं मी म्हणणार नाही. बरेच हात वर जातील आणि काही हात, ज्यांना अजून माहीतच नाही, ते खालीच राहतील.

आता डोळ्याकडे येऊ. डोळ्याच्या आत, अगदी मागच्या बाजूला एक पातळ अस्तर असतं. शास्त्राच्या पुस्तकात आपण त्याला दृष्टिपटल म्हणायचो, दवाखान्यात सगळे 'पडदा' म्हणतात. मीही पडदाच म्हणेन. बाहेरचं चित्र या पडद्यावर पडतं आणि तिथून ते नसेवाटे मेंदूकडे जातं. पडद्याच्या मधोमध एक लहानसा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी बारीक कामं तो छोटा भाग करतो. बाकीचा मोठा पडदा आजूबाजूचं दाखवतो.

या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहूनही बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. मग त्यांना बारीक फुगे येतात, त्यातून रक्ताचे ठिपके पडतात, पाणी आणि चरबी झिरपते. ही पहिली पायरी. झिरपलेलं पाणी मधल्या भागात साचलं की तिथे सूज येते आणि अक्षरं पुसट किंवा वाकडी दिसायला लागतात. पुढच्या पायरीला काही वाहिन्या बंद पडतात. पडद्याचा तेवढा भाग उपाशी राहतो आणि उपाशी पडदा एक रसायन सोडतो, 'मला नव्या वाहिन्या हव्यात' असा निरोप देणारं. नव्या वाहिन्या येतात खऱ्या, पण त्या अगदी कच्च्या असतात. कधीही फुटतात. फुटल्या की डोळ्याच्या आतल्या पोकळीत रक्त उतरतं. त्यांच्याबरोबर वाढणारे तंतू पुढे आवळले जातात आणि पडदा ओढून सोडवतात. या सगळ्याला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की बराच काळ यातलं काहीही तुम्हाला जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. नव्या कच्च्या वाहिन्या आलेल्या असतानाही माणूस पेपर वाचत असतो, गाडी चालवत असतो.

इथे मी आपल्याच वर्गातल्या एकाबद्दल सांगणार आहे. त्याची परवानगी घेतली आहे. "सांग, पण नाव घेऊ नकोस," असं तो म्हणाला. त्याला चौदा वर्षांपासून मधुमेह. गोळ्या चालू होत्या, कधी नियमित, कधी नाही. चष्म्याचा नंबर तो दर दोन वर्षांनी दुकानात तपासून घ्यायचा आणि त्यालाच तो डोळ्यांची तपासणी समजायचा. गाडी चालवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे नजर चांगली असल्याचा त्याला अभिमान होता. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले. दुपारपर्यंत त्या धाग्यांचा धूर झाला आणि संध्याकाळी त्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता. तो आला तेव्हा उजव्या डोळ्यात रक्त भरलं होतं. पण मला धक्का बसला तो डावा डोळा पाहून. ज्या डोळ्याने त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं, त्यातही तशाच नव्या वाहिन्या तयार होत्या.

डाव्या डोळ्याला त्याच आठवड्यात लेझर सुरू केलं. तो डोळा वाचला, आजही त्याने तो पेपर वाचतो. उजव्या डोळ्याचं मोठं ऑपरेशन झालं. त्याला आता माणसांच्या आकृती दिसतात, चेहरे दिसत नाहीत. रात्रीचं गाडी चालवणं त्याने सोडलं, धंदा मुलाकडे दिला. मला तो एकदा म्हणाला, "दुखलं असतं तर आलो असतो ना गं." त्याचं हे वाक्य मी गेली तीन वर्षं प्रत्येक मधुमेही पेशंटला सांगते. या आजारात दुखण्याची वाट पाहायची नसते, कारण दुखणं येतच नाही.

मग जायचं कधी? हे नीट लक्षात ठेवा, लिहून घेतलंत तरी चालेल. आपल्या वयात जो मधुमेह होतो, ज्याला टाइप २ म्हणतात, त्याचं निदान झालं की लगेच पडद्याची पहिली तपासणी करायची. लगेच का? कारण हा मधुमेह निदान होण्याआधी काही वर्षं गुपचूप शरीरात असू शकतो. काहींच्या पडद्यावर निदानाच्या दिवशीच खुणा सापडतात. लहान वयात होणाऱ्या, इन्सुलिनवरच्या टाइप १ मधुमेहात पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत. त्यानंतर दोन्ही प्रकारांत साधारण वर्षातून एकदा. खुणा दिसल्या तर सहा, चार किंवा दोन महिन्यांनीसुद्धा बोलावतात. आपल्या मुली-सुनांसाठी एक गोष्ट : आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासून घ्यायचा, कारण गरोदरपणात हा त्रास झपाट्याने वाढू शकतो.

आणि तपासणी म्हणजे काय, हेही सांगते, कारण घोटाळा तिथेच होतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नाही. पडदा बघायचा तर बाहुली मोठी करावी लागते. त्यासाठी डोळ्यात थेंब घालतात, अर्धा तास डोळे मिटून बसवतात आणि मग डॉक्टर भिंगातून आत पाहतात. थेंब थोडे झोंबतात. नंतर चार-पाच तास जवळचं पुसट दिसतं, उजेड सहन होत नाही, गाडी चालवता येत नाही. एवढाच त्रास. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर स्पष्ट सांगा, "मला मधुमेह आहे, थेंब घालून पडदा तपासा." सोबत गॉगल न्या, आणि एक माणूस न्या. आता काही ठिकाणी पडद्याचा फोटो काढणारे कॅमेरे आले आहेत, काहींना थेंबही लागत नाहीत. फोटो वाचायला संगणकाची मदत घेतात. डॉक्टरने स्वतः न पाहता निदान देणाऱ्या अशा पहिल्या यंत्रणेला २०१८ साली अमेरिकेत परवानगीही मिळाली. जिथे डोळ्यांचे डॉक्टर पोहोचत नाहीत तिथे याचा मोठा उपयोग आहे. मात्र फोटोत काही सापडलं तर पुढे डॉक्टरांकडे जावंच लागतं.

पडदा पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. काहीही न कापता, न टोचता रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतील अशी शरीरात हीच जागा आहे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण जगापुढे आणलं, तेव्हापासून डॉक्टर ही खिडकी वापरत आले आहेत. डोळ्यातल्या बारीक वाहिन्या खराब झाल्या असतील तर मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांचीही शंका घ्यावी लागते. म्हणून पडद्यावर खुणा दिसल्या की आम्ही लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासायला सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरने लघवीची तपासणी लिहून दिली म्हणून बुचकळ्यात पडू नका.

आता, हे टाळता येतं का? बऱ्याच अंशी येतं, आणि हे माझं मत म्हणून सांगत नाही. अमेरिका आणि कॅनडात टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवर जवळजवळ दहा वर्षं एक अभ्यास चालला, त्याचे निष्कर्ष १९९३ साली आले. ज्यांनी साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली त्यांच्यात रेटिनोपॅथी सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना आधीच थोडी होती त्यांच्यात ती वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी कमी झाला. टाइप २ वरचा ब्रिटनमधला मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात साखरेइतकीच दुसरी गोष्ट ठळक दिसली, ती म्हणजे रक्तदाब. ज्यांचा रक्तदाब नीट आटोक्यात ठेवला त्यांच्यात रेटिनोपॅथी वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. 'माझी शुगर बरी आहे, बीपी थोडं असतं' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा घरी घेऊन जावा.

म्हणजे सांभाळायच्या गोष्टी तीन. एक, तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, बहुतेकांसाठी ७ च्या आसपास. दोन, रक्तदाब, साधारण १३० वर ८० च्या आत. तीन, कोलेस्टेरॉल. वय, इतर आजार पाहून हे आकडे थोडे बदलतात. सर-बाईंच्या वयाला साखर फार खाली ओढणं धोक्याचं ठरू शकतं, तेव्हा तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि तंबाखू, सिगारेट, मिश्री, यांपैकी जे काही असेल ते सोडा. वाहिन्यांचं जे नुकसान साखर करते, त्यात ही भर घालतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "इन्सुलिन सुरू केलं आणि डोळे गेले," असं गावोगाव ऐकू येतं. यात काय होतं ते सांगते. कित्येक वर्षं साखर वाढलेली असते, पडदा आधीच खराब झालेला असतो, आणि मग इन्सुलिन सुरू होतं. साखर झपाट्याने खाली आली की पडद्याचा आजार काही काळ थोडा बळावू शकतो, हे खरं आहे. इन्सुलिनने असो वा इतर जोरदार औषधांनी असो, हे होऊ शकतं. पण पुढच्या काही वर्षांचा हिशेब केला तर साखर आटोक्यात ठेवणाऱ्याचे डोळेच जास्त सुरक्षित राहतात. त्यामुळे इन्सुलिनला नकार देऊ नका. उपचार बदलण्याआधी पडदा तपासून घ्या आणि नंतर काही महिने जरा लवकर लवकर दाखवा.

आणखी एक रोजच्या कामाची गोष्ट. साखर खूप वाढली किंवा एकदम उतरली की डोळ्यातल्या भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि चष्म्याचा नंबर बदलतो. एखाद्याला अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागतो आणि तो खूश होतो. खूश व्हायच्या आधी साखर तपासा. नुकतं निदान झालं असेल, औषधं नवी असतील, तर साखर काही आठवडे स्थिर होऊ द्या आणि मगच नवा चष्मा करा. नाहीतर महिन्याभरात तो चष्मा कपाटात जातो आणि दोष दुकानदाराला मिळतो.

समजा पडद्यावर बिघाड सापडलाच, तर उपचार आहेत. लेझर हा सगळ्यात जुना. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की नव्या वाहिन्या आलेल्या डोळ्यांना वेळेवर लेझर केलं तर नजर पार जाण्याचं प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त कमी होतं. दुसरा उपचार म्हणजे डोळ्यात द्यायचं इंजेक्शन. मघाशी मी त्या रसायनाबद्दल बोलले, उपाशी पडदा जे सोडतो, त्याला हे औषध अडवतं. मधल्या भागाची सूज उतरवायला याचा खूप उपयोग होतो. "डोळ्यात सुई?" म्हणून लोक घाबरतात. डोळा थेंबांनी बधिर करतात, सुई अतिशय बारीक असते, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून देतात आणि टोचणं काही सेकंदांत संपतं. भीती सुईची नसावी, अर्धवट सोडण्याची असावी. पहिल्या वर्षात महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने अशी अनेक इंजेक्शनं लागू शकतात. दोन घेतली, बरं वाटलं, म्हणून तिसऱ्याला आले नाहीत, असं फार होतं आणि सूज परत येते. खर्चाची अडचण असेल तर मोकळेपणाने बोला. या कामाची औषधं वेगवेगळ्या किमतींची आहेत, सरकारी रुग्णालयं आणि धर्मादाय नेत्ररुग्णालयं आहेत. तिसरा उपचार म्हणजे डोळ्यात साचलेलं रक्त आणि ओढणारे तंतू काढण्याचं ऑपरेशन. ते शेवटच्या पायरीवरचं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लेझरमुळे गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकते. "लेझर करूनसुद्धा आधीइतकं दिसत नाही" अशी तक्रार घेऊन माणसं येतात, तेव्हा मी त्यांना सांगते, की लेझर तुम्हाला पुढे काय दिसेल यासाठी केलं आहे. उपचार जितका लवकर, तितकी टिकवायला नजर जास्त उरलेली असते.

मधुमेह असो वा नसो, आपल्या वयाला आणखी दोन 'बिंदू' लागू होतात. मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावं सारखी असल्याने लोक गल्लत करतात. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशनने ते बदलता येतं आणि नजर परत मिळते. मधुमेह्यांना मोतीबिंदू जरा लवकर होतो. 'पिकला की काढू' हे जुनं झालं. रोजच्या कामात अडचण यायला लागली की काढायचा. फार पिकू दिला तर ऑपरेशन अवघड होतं आणि तोवर मागचा पडदाही डॉक्टरांना दिसत नाही. मधुमेह्यांनी ऑपरेशनच्या आधी पडदा तपासून घ्यायलाच हवा, नाहीतर सुंदर नवं भिंग बसूनही नजर येत नाही आणि मग कळतं, की दोष मागे होता.

काचबिंदूचं तसं नाही. त्यात बहुधा डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकत जाते. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. दारावर खांदा आपटतो, पायरी चुकते, पण टीव्ही छान दिसत असतो. गेलेली नस परत येत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नस दोन्ही तपासून घ्या. घरात आई-वडिलांना, भावंडांना काचबिंदू असेल तर हयगय करू नका. थेंब सुरू झाले की ते रोजचे असतात, बीपीच्या गोळीसारखे. बाटली संपली म्हणजे आजार संपला, असं नाही.

याच्याशी जोडलेली एक सवय आपल्याकडे आहे. डोळा चुरचुरला की औषधाच्या दुकानातून थेंब आणायचे. त्यातल्या कित्येक थेंबांत स्टिरॉइड असतं. लाली लगेच जाते, बरं वाटतं, बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते, आणि काही जणांचा डोळ्यातला दाब त्यानेच वाढतो. डॉक्टरांनी मागच्या वर्षी दिलेले थेंबही या वर्षी स्वतःहून घालू नका. मध, तूप, कांद्याचा रस, घरचं गुलाबपाणी, यांतलं काहीही डोळ्यात नको. ते पोटात घ्या, डोळ्यात घालू नका. मधुमेह्यांनी मधही पोटात बेतानेच घ्यावा.

आता घरी करायची एक चाचणी. आपली गणिताची चौकटीची वही आठवते? तसलं एक पान घ्या, मध्ये शाईने ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावा, पान हातभर अंतरावर धरा आणि एक डोळा तळव्याने झाका. ठिपक्याकडे पाहत राहा. चौकटीच्या रेघा सरळ दिसतात का? कुठे वाकड्या, पुसट, मध्येच गायब वाटतात का? मग दुसरा डोळा. आठवड्यातून एकदा करा. एकेक डोळा झाकणं महत्त्वाचं, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढतो आणि आपल्याला कित्येक महिने काही कळत नाही. मात्र ही चाचणी चांगली आली म्हणून वार्षिक तपासणी टाळायची नाही. पडद्याच्या कडेला चाललेलं या पानावर दिसत नाही.

पुढच्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा : एकाएकी बरेच काळे ठिपके किंवा धागे तरंगणं, डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होणं, नजरेवर बाजूने सावली किंवा पडदा सरकत येणं, एका डोळ्याची नजर अचानक जाणं, किंवा डोळा लाल होऊन डोकं ठणकणं आणि उलट्या होणं. यातलं शेवटचं पित्त समजून लोक घरी झोपून राहतात. तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो आणि तिथे तासांना किंमत असते.

"आम्हाला शुगर आहे, मग आमचे डोळे दानाला चालतील का?" असं मला इथल्याच दोघांनी विचारलं होतं. चालतात. दुसऱ्याला बसवतात तो डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, मागचा पडदा नव्हे. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी अडचण नाही. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावं लागतं, म्हणून घरच्यांना आजच सांगून ठेवा. काही संसर्गजन्य आजारांत डोळे घेत नाहीत, ते नेत्रपेढीचे लोक ठरवतात.

शेवटी माझी एक मागणी आहे, आणि ती आपल्या तुकडीकडे आहे. मेळाव्याच्या निमित्ताने मी सर-बाईंच्या घरी निमंत्रणं द्यायला गेले. बहुतेकांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे. शेवटची डोळ्यांची तपासणी कधी झाली, असं विचारलं, तर उत्तर जवळपास एकच मिळालं : "अगं, थेंब घातले की दिसत नाही, मग घरी कोण आणणार?" मुलं पुण्या-मुंबईला, कोणाची परदेशात. रिक्षातून एकटं यायची भीती वाटते. म्हणून तपासणी राहते. आजार महागडा आहे, उपचार अवघड आहे, यातलं काहीच कारण नाही. सोबत यायला माणूस नाही, एवढंच कारण आहे.

गावात आणि आसपास राहणारे आपण बावीस जण आहोत. आणि आपले हयात शिक्षक नऊ. यादी मी फळ्याशेजारी लावली आहे. एकेका नावासमोर दोघांनी आपलं नाव लिहायचं. वर्षातून एक सकाळ काढायची, सरांना किंवा बाईंना घरून न्यायचं, तपासणी संपेपर्यंत बसायचं, घरी सोडायचं, आणि त्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांच्या मुलांना फोनवर कळवायचं. त्याच दिवशी स्वतःचाही पडदा तपासून घ्यायचा, मात्र मग गाडी दुसऱ्याने चालवायची. म्हणूनच दोघं हवेत. बाहेरगावी असलेल्यांनी आपापल्या गावी तपासणी करून गटावर फक्त एक शब्द टाकायचा, 'तपासलं'. रिपोर्ट टाकू नका, ते तुमच्या डॉक्टरांसाठी असतात.

मघाशी ज्याची गोष्ट सांगितली त्याने यादीत पहिलं नाव लिहिलं आहे. त्याला गाडी चालवता येत नाही, पण "मी शेजारी बसून गप्पा मारीन, चालवायला कोणीतरी या," असं त्याने लिहिलं आहे. त्याच्या नावाशेजारची जागा अजून रिकामी आहे. चहाच्या सुट्टीत ती भरा.

सर, बाई, तुम्ही नाही म्हणू नका.